शक्तिमान ते असुर, व्हाया वाशी

वाशी म्हटलं की लोकांना नवी मुंबईचा खाडीपूल आठवतो. आमची वाशी ती नव्हे. येरमाळ्याच्या येडेश्वरीला आणि तेरखेड्याच्या फटाक्यांना जवळची, बालाघाटाच्या अंगाखांद्यावरची, धाराशिव जिल्ह्यातली ही वाशी. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर ‘महाभारत’ चालू होतं तेव्हा ती तालुक्याचं गावही नव्हती आणि जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. टीव्ही मोजक्याच घरांत. रविवारी सकाळी त्या घरांच्या ओसरीत चपलांचा ढीग पडायचा. लाईट गेली की कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणायचा आणि एकजण माळवदावर चढून अँटेना धरून उभा राहायचा. त्याला खाली काय चाललंय ते दिसायचं नाही. तो नुसता विचारत राहायचा, “आलं का? आलं का?”

कुंतीनं मंत्र म्हटला, सूर्य प्रकटला, कवचकुंडलांसकट कर्ण जन्मला. ओसरीतल्या कुणालाही ‘असं कसं होईल’ असं वाटलं नाही. श्रावणात पांडवप्रताप ऐकत आलेल्या बायकांना तर हे आधीच पाठ होतं. गांधारीच्या पोटी आलेला मांसाचा गोळा, व्यासांनी त्याचे करायला लावलेले एकशे एक भाग, तुपाचे रांजण, हे सगळं आज्जी आम्हाला चुलीपुढं बसून सांगायची. एकदा मी विचारलं, तुपात बाळ बुडत कसं नाही? ती म्हणाली, “आरं, देवाधर्माचं हाय ते. तुझ्या माझ्या घरचं न्हाई.” विषय संपला. त्या उत्तराची किंमत मला फार उशिरा कळली.

गंमत अशी की याच सुमारास खरोखरीचं नवल मुंबईत घडून गेलं होतं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. गावात ही बातमी पोचली ती ‘बाटलीतलं बाळ’ म्हणून. बाळ नऊ महिने काचेच्या बाटलीत वाढतं, अशीच सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात काचेत होतं ते फक्त फलन. काही दिवसांत तो गर्भ आईच्याच उदरात जातो. पण ओसरीत बसून महाभारत बघणाऱ्यांपैकी कुणी या बाटलीची सांगड गांधारीच्या रांजणाशी घातल्याचं मला आठवत नाही. बाटली डॉक्टरीणबाईंची, रांजण व्यासांचा. दोन्हींना हात जोडायचे, पण वेगवेगळे.

मग १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ आला. त्या वर्षाच्या फेब्रुवारीतच डॉली मेंढीची बातमी जगभर झाली होती. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेत एका मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून हुबेहूब दुसरी मेंढी घडवली होती. बातम्यांत विज्ञान असं गाजत असताना आमच्या पिढीनं विज्ञान आणि श्रद्धा पडद्यावर पहिल्यांदा एकत्र बघितली ती मुकेश खन्नांच्या त्या तांबड्या पोशाखात. सूर्यांशी गुरूंनी घडवलेला, पंचमहाभूतांची शक्ती लाभलेला, कुंडलिनी जागृत केलेला नायक. आणि त्याच्यापुढं कोण? अंधाराचा बादशहा तमराज किल्विष, आणि त्याच्या पदरी डॉ. जैकाल नावाचा शास्त्रज्ञ. उकळत्या नळ्या, लुकलुकणारे दिवे, विकट हसू. योग सज्जनाकडे, प्रयोगशाळा दुष्टाकडे. आम्हाला त्यात काही खटकलं नाही, कारण पत्र्याच्या शाळेत आमची प्रयोगशाळा म्हणजे कुलूपबंद कपाट होतं. त्याच्या आत काय असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे वाईटच असणार.

ती मालिका आज बघवत नाही, हे सांगायला हवं. दोरीला बांधून फिरवलेल्या भोवऱ्यासारखा तो उडायचा. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ‘महाभारत’ आणि ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवले, तेव्हा घरातल्या पोरांनी पाच मिनिटांत मोबाईल काढले.

त्या मोबाईलवर दुसरंच काही चाललं होतं. २ मार्च २०२० रोजी ‘वूट’ या ओटीटीवर ‘असुर’ ही वेबमालिका आली होती. अर्शद वारसी आणि बरुण सोबती सीबीआयचे न्यायवैद्यक तज्ज्ञ. खुनी पुराणं कोळून प्यायलेला. वाराणसीतल्या एका मुलाला त्याचा बाप जन्मवेळेवरून असुर ठरवतो आणि मुलगा ते खरं करून दाखवतो. इथं बाजू पूर्ण उलटल्या आहेत. शवागार, ठसे, नमुने, संगणक हे सगळं नायकाकडं, आणि श्लोक खुन्याच्या तोंडी. तेवीस वर्षांत प्रयोगशाळा या हातातून त्या हातात गेली.

हे एकट्या मुंबईच्या लेखकांचं कर्तृत्व नव्हे. मधल्या काळात विज्ञान आमच्या दारात आलं होतं, तेही पाकिटातून. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जीवाणूचा जनुक कापसाच्या झाडात, म्हणजे बोंडअळीनं पान खाल्लं की तीच मरणार. बीड-जालन्याकडचे पाहुणे त्याच्या गोष्टी सांगायचे. पुढं गुलाबी बोंडअळी त्यालाही सरावली, ते वेगळं रडगाणं. पण पेरणीच्या दिवशी तिफणीला हळदीकुंकू वाहताना हे जनुक बदललेलं बियाणंही त्याच पाटावर मांडलेलं मी बघितलंय. कुणाला त्यात विसंगती वाटली नाही. मलाही नाही.

वाटायला लागली ती नंतर. गोत्र म्हणजे वाय गुणसूत्र, पत्रिकेतली एकनाड म्हणजे रक्तगट, असे निरोप मोबाईलवर यायला लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या कार्यक्रमात खुद्द पंतप्रधान म्हणाले की कर्ण आईच्या उदरातून जन्मला नव्हता, म्हणजे त्या काळी जनुकशास्त्र होतं. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी कौरवांचं श्रेय मूलपेशी आणि टेस्ट ट्यूब तंत्राला दिलं. आज्जीनं जे देवाधर्माचं म्हणून बाजूला ठेवलं होतं, ते आता पेटंट कार्यालयाच्या दारात रांगेला उभं होतं.

आता जरा हिशोब करू. शंभर पोरं आणि एक पोरगी, सगळी एकाच गोळ्यातून. एकाच गर्भाचे तुकडे केले तर होणारी भावंडं हुबेहूब एकसारखी असतात, आणि सगळी मुलं तरी किंवा सगळ्या मुली तरी. मग ती एकटी पोरगी, दुःशला, आली कुठून? पोथी लिहिणाऱ्याला तिची अडचण वाटली नाही, कारण तो चमत्कार सांगत होता. अडचण होते ती चमत्काराला प्रयोगशाळेचा दाखला मिळवून देऊ पाहणाऱ्यांची. एकनाडीचंही तेच. रक्तगट आईबापाकडून येतो आणि नाड ठरते जन्मावेळच्या चंद्रनक्षत्रावरून, म्हणजे घड्याळावरून. सत्तावीस नक्षत्रं, तीन नाड्या, वाट्याला नऊ-नऊ. देव, मनुष्य आणि राक्षस या गणांनाही नऊ-नऊच. या हिशोबानं वाशीच्या बाजारात भेटणारा साधारण दर तिसरा माणूस राक्षसगणी निघेल. त्यातला एक मला नेमानं मेथीची जुडी देतो.

‘असुर’ मला आवडली ती इथं. जन्मवेळ म्हणजेच नशीब, या समजुतीचं पुढं काय होतं ते ती भीड न ठेवता दाखवते. मुहूर्त काढून सिझर करून घेणारी कुटुंबं आता आमच्याकडंही आहेत, म्हणून ते जास्तच लागतं. तरीही पुढं पुढं मालिकेला श्लोकांची भूल पडते. संस्कृत वाजलं की भीती वाटलीच पाहिजे, असा तिचा ठेका. शक्तिमानच्या वेळी नळी उकळली की भीती वाटायची. आळस तोच, सामान बदललं.

विज्ञान आणि श्रद्धा आपापल्या जागी कशी ठेवायची ते शिकायचं, तर आमच्या उस्मानाबादी शेळ्या पाळणाऱ्यांकडं बघा. ही शेळी जुळ्यांसाठी नावाजलेली. पैदाशीचा बोकड निवडताना माणूस त्याच्या आईच्या वेताचा इतिहास काढतो, दोन करडं देत होती का ते विचारतो. जनुक हा शब्द त्यानं ऐकला असेल-नसेल. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोल मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणला, तोही याच विचाराच्या वाटेनं, फक्त रक्ततपासणीची जोड देऊन. हाच शेळीवाला देवाला बोकड बोलतो. पण नवसाचा बोकड वेगळा, पैदाशीचा वेगळा. देवाला बोललाय म्हणून कुठलाही बोकड तो कळपावर सोडत नाही, आणि जुळ्याचा आहे म्हणून नवस फेडायला चालेल का, असंही पुजाऱ्याला विचारत नाही.

जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेत विज्ञान आणि श्रद्धेचं हे शेजारपण मराठीत फार आधी येऊन गेलंय. शास्त्रज्ञ धूमकेतू वळवतात आणि घरच्यांना वाटतं, संकट यज्ञानं टळलं. कुणाला खलनायक न करता ती गोष्ट दोघांना एकाच घरात नांदवते. जनुकशास्त्र आणि श्रद्धा यांवर तशी मराठी मालिका मी अजून बघितलेली नाही. कुणी काढलीच, तर नायिका दुःशला असावी. शंभर भावांत आपण एकटीच वेगळी कशी, हा प्रश्न तिनं पहिल्याच भागात व्यासांना विचारावा. आणि मालिकेला शास्त्रीय सल्लागार हवा असेल तर वाशीच्या आठवडी बाजारात शेळ्यांच्या ओळीला चौकशी करावी. मानधनाचं मात्र आधी ठरवून घ्यावं, ती माणसं घासाघीस सोडत नाहीत.