डिस्क केवढी घ्यायची?

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउसमध्ये संगणकाचं सगळं काम माझ्याकडे आहे. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या या गावात कांदा आणि टोमॅटोची आवक बाजार समितीला उसंत देत नाही. आमचा निर्यातीचा हंगाम मात्र जानेवारी ते एप्रिल एवढाच. या दिवसांत प्रीकूलिंगच्या खोल्या आणि कोल्ड स्टोरेज अखंड चालू असतं. वजनकाटे, लेबल छापणारे संगणक, कॅमेरे, हिशेबाचा सर्व्हर आणि खोल्यांमधले तापमानाचे सेन्सर, सगळं एकाच नेटवर्कवर. यातलं काही बंद पडलं तरी बागेत तोडलेला माल थांबून राहत नाही.

2023 मध्ये, गोडी छाटणीची लगबग सुरू होण्याआधी, मालकांनी या सगळ्यावर नजर ठेवणारा स्वतंत्र सर्व्हर घ्यायचं ठरवलं. त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. या निर्णयामागे आधीच्या हंगामातला एक चटका होता. एका ठेकेदाराने बसवून दिलेल्या संगणकावर तापमानाच्या नोंदी साठत होत्या. त्याची डिस्क भरली आणि नोंदी थांबल्या. पडद्यावर चालू तापमान दिसतच होतं, त्यामुळे कोणाला शंकाही आली नाही. खरेदीदाराने जुना तपशील मागितला तेव्हा कळलं, की ऐन हंगामातल्या काही रात्रींचं काहीच शिल्लक नाही.

म्हणून नानांनी बैठकीत पहिलाच प्रश्न टाकला, "मशीन केवढं लागेल आणि डिस्क केवढी?" मी म्हटलं, "नाना, आधी काय मोजायचं, किती वेळाने मोजायचं आणि किती दिवस ठेवायचं ते ठरवू. डिस्कचा आकडा त्यातून आपोआप निघेल."

सॉफ्टवेअर म्हणून मी झॅबिक्स निवडलं. लाटव्हियाच्या अलेक्सेई व्लादिशेव यांनी सुरू केलेला हा प्रकल्प 2001 मध्ये लोकांसमोर आला आणि तो फुकट वापरता येतो. त्याचा मला आवडणारा गुण म्हणजे जागेचा हिशेब त्याच्या माहितीपुस्तिकेतच मांडलेला आहे. एक आकडा साठवायला डेटाबेसमध्ये अंदाजे 90 बाइट लागतात. किती गोष्टी मोजता, दिवसातून किती वेळा मोजता आणि किती दिवस ठेवता, यांचा गुणाकार करून त्याला 90 ने गुणायचं. शाळेतलं गणित आहे, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं. पण यंत्र विकत घेण्याआधी हे गणित मांडलेलं मी फार कमी ठिकाणी पाहिलं आहे.

सगळी यंत्रं जोडून बघितल्यावर मोजण्याजोग्या गोष्टी निघाल्या सुमारे 2,000. दर मिनिटाला प्रत्येकीची एक नोंद धरली तर दिवसाच्या 28 लाख 80 हजार नोंदी, म्हणजे रोज साधारण 260 एमबी. 90 दिवसांना 23 जीबीच्या आसपास. हाच वेग दर दहा सेकंदांवर नेला आणि सगळं सहा महिने ठेवायचं म्हटलं, की आकडा थेट 280 जीबीवर जातो. यंत्रं तीच, मोजणीही तीच. बदललं फक्त किती वेळाने विचारायचं आणि किती दिवस जपायचं एवढंच.

मग या 2,000 गोष्टी आहेत तरी कोणत्या, ते मी उलगडून बघितलं. सहा नेटवर्क स्विच, प्रत्येकाला 24 पोर्ट आणि दर पोर्टमागे आलेला डेटा, गेलेला डेटा, चुका, वेग अशा नऊ नोंदी. एकूण 1,296. म्हणजे निम्म्याहून जास्त जागा स्विचच खाणार होते आणि त्यातल्या जवळपास निम्म्या पोर्टमध्ये केबलच नव्हती. रिकामा पोर्ट रिकामा आहे, हे दर मिनिटाला लिहून ठेवायची काहीच गरज नव्हती. ते पोर्ट मी वगळले.

याउलट ज्या नोंदींसाठी हा सगळा खटाटोप होता, त्या किती होत्या? बारा खोल्या, प्रत्येकीत तापमानाचे चार सेन्सर, एक आर्द्रतेचा आणि एक दाराचा. एकूण 72. त्या दर तीस सेकंदांनी घेतल्या तरी दिवसाला 19 एमबीसुद्धा होत नाहीत आणि 90 दिवसांना 1.7 जीबी पुरतात. धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची माहिती सगळ्यात कमी जागेत मावत होती. सगळ्या नोंदींना एकच मुदत लावली, तर एक तर डिस्क वाया जाते किंवा हवी ती नोंद हवी तेव्हा सापडत नाही.

झॅबिक्समध्ये नोंदी दोन प्रकारे राहतात. एक, प्रत्येक मोजणी जशीच्या तशी. दुसरी, तासाचा सारांश, म्हणजे त्या तासातला सगळ्यात कमी, सरासरी आणि सगळ्यात जास्त आकडा. सारांशाला जागा फारच थोडी लागते. 2,000 गोष्टींचा वर्षाचा सारांश 1.6 जीबीत बसतो. नानांचं म्हणणं होतं, की मग सारांशच वर्षानुवर्षं ठेवू, बारीक नोंदी आठवड्यात काढून टाकू.

कोल्ड स्टोरेज चालवणारे मामा बैठकीला होते. ते म्हणाले, "तासात एकदा पारा चार अंशांवर गेला, एवढ्यावरून मला काय कळणार? दार दोन मिनिटं उघडं होतं की वीस मिनिटं, ते सांगा." हे आमच्या निफाड तालुक्यात कोणालाही पटावं. थंडीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं किमान तापमान पेपरात येतं आणि सगळा महाराष्ट्र ते वाचतो. पण पहाटे बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या शेतकऱ्याला त्या एका आकड्याने भागत नाही. पारा किती तास खाली राहिला, यावर मण्यांचं काय होणार हे ठरतं. द्राक्षाचा माल साधारण शून्य ते एक अंशावर आणि 90 ते 95 टक्के आर्द्रतेत ठेवतात. मध्येच ऊब लागली की मण्यांवर पाणी सुटतं. पेटीतल्या पॅडमधून सल्फर डायऑक्साइड वायू जास्त वेगाने बाहेर पडतो आणि मणी पांढुरके पडतात, नाही तर पुढे बुरशी धरते. ऊब किती वेळ होती, हे सारांशात सापडत नाही.

मग या बारीक नोंदी किती दिवस जपायच्या, याचं उत्तर संगणकाच्या पुस्तकात नव्हतं. ते न्हावा शेवा बंदरापासून पुढच्या समुद्रात होतं. आमचा कंटेनर सुएझमार्गे रॉटरडॅमला पोचायला साधारण तीन-चार आठवडे लागायचे. त्यानंतर तिथली तपासणी, मालाची विक्री आणि मग काही कमीजास्त असेल तर आयातदाराचा मेल. म्हणजे पिंपळगावात प्रीकूलिंगला लागलेल्या मालाबद्दल प्रश्न येणार तो दोन-अडीच महिन्यांनी. महिनाभराची मुदत ठेवली असती, तर प्रश्न यायच्या आधीच उत्तर पुसलं गेलं असतं. म्हणून आम्ही तापमान, आर्द्रता आणि दारांसाठी 90 दिवस ठरवले. स्विच, कॅमेरे, सर्व्हरचा प्रोसेसर वगैरेंसाठी 30 दिवस आणि सारांश सगळ्यांचा पाच वर्षं.

लॉगसाठी वेगळा हिशेब धरावा लागला. आकड्याला 90 बाइट लागतात, तर लॉगच्या एका ओळीला सरासरी 500 धरायच्या असतात आणि मजकुराचा तासाचा सारांशही होत नाही. हिशेबाच्या सर्व्हरचा लॉग सेकंदाला दहा ओळींच्या वेगाने घेतला असता, तर दिवसाला 432 एमबी झाले असते. बाकी 2,000 नोंदी मिळून 260 आणि हा एकटा 432! म्हणून लॉगमधल्या फक्त चुकीच्या आणि इशाऱ्याच्या ओळी घ्यायच्या, बाकीच्या मूळ सर्व्हरवरच राहू द्यायच्या, असं केलं.

एवढं सगळं धरून बेरीज 15 जीबीच्या आतच आली. तरी मी जागा मागितली तिप्पट, सुमारे 45 जीबी. नानांनी भुवया उंचावल्या, तेव्हा त्यांना कारणं एकेक करून सांगितली. नोंदी साठवणाऱ्या मायएसक्यूएल 8 या डेटाबेसमध्ये प्रत्येक बदलाचा स्वतंत्र लॉग आपोआप चालू असतो आणि ठरवून दिलं नाही तर तो 30 दिवस साठत राहतो. आम्ही तो तीन दिवसांवर आणला, तरी तेवढी जागा लागतेच. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवताना काही वेळा अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं. तेवढा वेळ जुनं आणि नवं दोन्ही डिस्कवर असतं. शिवाय जुन्या ओळी पुसल्या म्हणून डेटाबेसची फाइल लहान होत नाही. मोकळी झालेली जागा फाइलच्या आतच राहते. म्हणून मी नोंदींचं टेबल दिवसवार तुकड्यांत विभागलं. मुदत संपली की त्या दिवसाचा अख्खा तुकडा काढून टाकायचा. जागा लगेच परत मिळते आणि लाखो ओळी एकेक करून पुसण्याचा ताण डिस्कवर पडत नाही.

मशीनचं ठरवताना मी झॅबिक्सचंच कोष्टक समोर ठेवलं. मोजायच्या 1,000 गोष्टींपर्यंत दोन कोअर आणि 8 जीबी रॅम, 10,000 पर्यंत चार कोअर आणि 16 जीबी. आमच्या मोजायच्या गोष्टी पोर्ट वगळल्यावर दीड हजारांच्या आत होत्या, म्हणून चार कोअर आणि 16 जीबी घेतले. त्यातली निम्मी रॅम डेटाबेससाठी राखून ठेवली, म्हणजे अलीकडच्या नोंदी वाचायला डिस्कपर्यंत जावं लागत नाही. डिस्क एसएसडीच हवी यावर मी ठाम राहिलो. 7,200 फेऱ्यांची साधी हार्ड डिस्क सेकंदाला इकडेतिकडे विखुरलेली जेमतेम शंभरेक वाचन-लेखनं करते. नोंदी येत असताना कोणी तीन महिन्यांचा आलेख उघडला की ती गुदमरते आणि नेमका इशारा उशिरा निघतो. 480 जीबीच्या दोन एसएसडी घेऊन त्या रेड-1 मध्ये लावल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहील. बॅकअप मात्र वेगळ्या इमारतीतल्या वेगळ्या डिस्कवर, कारण चुकून पुसलेली नोंद दोन्ही एसएसडींवरून एकदमच जाते.

हा सर्व्हर आम्ही कोल्ड स्टोरेजच्या मशीनरूममध्ये ठेवला नाही. तिथे ओल, धूळ आणि विजेचे झटके असतात. तो ऑफिसात, स्वतंत्र यूपीएसवर ठेवला. वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतची मिनिटंच तर नोंदवायची असतात. त्याच वेळी मॉनिटरिंगचा सर्व्हर बंद पडला तर सगळाच खर्च फुकट. तो स्वतः जिवंत आहे की नाही, हे तपासायला दुसऱ्या इमारतीत एक छोटा संगणक बसवला. उत्तर आलं नाही तर तो मामांना आणि मला मेसेज पाठवतो.

डिसेंबरमध्ये अचानक सगळं वेळापत्रक बदललं. तांबड्या समुद्रात जहाजांवरचे हल्ले वाढले आणि मोठ्या कंपन्यांनी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून पाठवायला सुरुवात केली. प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. इतका वेळ पेटीत राहिलेल्या द्राक्षाबद्दल तक्रारी वाढणार आणि उशिराही येणार, हे उघड होतं. मी खोल्यांच्या बारीक नोंदींची मुदत 90 वरून 180 दिवस केली. त्यासाठी डिस्कवर आणखी 1.7 जीबी लागणार होते, ते आधीच मोकळे होते. नवीन खरेदी नाही, काम बंद ठेवणं नाही, एक आकडा बदलला एवढंच. मोकळ्या जागेवरचा खर्च का करायचा, हे नानांना त्या दिवशी पटलं.

हंगाम संपल्यावर एका आयातदाराची तक्रार आली, की अमुक कंटेनरमधल्या काही पेट्यांत मणी खराब निघाले, माल नीट थंड केला नव्हता. मामांनी लॉटचा नंबर दिला. मी त्या खोलीच्या चारही सेन्सरच्या तीस-तीस सेकंदांच्या नोंदी आणि दार उघडल्या-मिटल्याच्या वेळा काढल्या. माल आत आल्यापासून कंटेनरमध्ये भरेपर्यंत तापमान कसं उतरलं आणि कुठे टिकलं, ते ओळीने दिसत होतं. दार जास्त वेळ उघडं राहिलं ते एकदाच, लोडिंगच्या वेळी, तेही काही मिनिटंच. ती मिनिटंसुद्धा आम्ही न लपवता पाठवली. पुढची बोलणी अंदाजावर न होता कागदावर झाली आणि आमच्याकडे थंडाव्यात कसूर झाली नव्हती हे त्यांनी मान्य केलं. वर्षभर बागेत राबलेल्या शेतकऱ्याच्या पट्टीतून त्यासाठी काही कापावं लागलं नाही, याचं मला सर्वांत जास्त समाधान आहे.

डिस्क भरत आल्याचा इशारा आता 80 टक्क्यांची वाट बघत नाही. गेल्या काही आठवड्यांच्या वेगाने ही जागा किती दिवस पुरेल, हे झॅबिक्सच काढून सांगतं आणि 60 दिवसांच्या खाली आलं की मला मेसेज येतो. म्हणजे खरेदी, मंजुरी आणि बसवणं हंगामाच्या मध्यात करावं लागत नाही.

परिसरातल्या इतर पॅकहाउसची आणि पतसंस्थांची माणसं आता हा हिशेब विचारायला येतात. मी त्यांना चार रकान्यांचा कागद देतो: काय मोजायचं, किती वेळाने, किती दिवस ठेवायचं आणि ती नोंद कोण, कधी मागणार. शेवटचा रकाना आधी भरा, असं सांगतो. तो भरायला संगणकवाला पुरत नाही. खोली चालवणारा, हिशेब लिहिणारा, माल विकणारा, सगळे लागतात. तो भरला की बाकीचे तीन रकाने आणि डिस्कचा आकार एका दुपारी ठरतो.