दिवाडी बेटावरचे तीन दिवस

सुट्टीत पुण्याहून आम्ही पाच जण गोव्यातील दिवाडी बेटावर राहिलो. मांडवी नदीतल्या या बेटावर जुन्या गोव्याहून फेरीबोटीने जाता येते. आदिलशाही वाड्याचा उरलेला दरवाजा त्याच परिसरात आहे. तो मुलांना मुद्दाम दाखवला.

आधी ठरवलेल्या एका घराच्या मालकाने आमची नावे कळताच 'जागा नाही' असे कळवले होते. धाकटीने विचारले, "अब्बा, आपल्या नावात काय वाईट आहे?" "काहीच नाही, बेटा," एवढेच आम्ही म्हणू शकलो.

बेटावरच्या लाकडी खोलीच्या ख्रिस्ती मालकीणबाईंनी मात्र एकच विचारले: जेवणात काय चालत नाही? त्यांनी वेगळी भांडी काढली, माशाचे कालवण केले, अम्मींच्या वुजूसाठी पायरीजवळ बादली ठेवली. नदी पश्चिमेला समुद्राकडे जाते. किब्लाही तिकडेच, किंचित उत्तरेला. प्रवासात असल्याने आम्ही कस्र केली: चारऐवजी दोन रकात, मगरिबच्या मात्र तीनच.

मुलांना दार लावणाऱ्याची गोष्ट सांगावी, पण उघडणाऱ्याचीही सांगावी. आणि उद्या आपल्या दारी कोणी खोली मागायला आला, तर आपणही त्याच्या नावापाशी अडू नये.