याकुशिमाचं जंगल आणि आमचा फणस

मे महिन्याच्या सुरुवातीला जपानात सुट्ट्या जोडून येतात. यंदा त्या सुट्ट्यांत आम्ही टोक्योहून विमानाने कागोशिमा आणि तिथून वेगवान बोटीने याकुशिमा बेट गाठलं. हट्ट आमच्या दहा वर्षांच्या लेकीचा. हायाओ मियाझाकींचा १९९७ सालचा ‘मोनोनोके हिमे’ हा अ‍ॅनिमे तिला पाठ आहे, आणि त्यातलं जंगल रंगवण्याआधी मियाझाकी आणि त्यांचे चित्रकार याच बेटावर येऊन गेले होते.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काळ मुरोमाची, म्हणजे साधारण चौदावं ते सोळावं शतक. एबोशी नावाची करारी बाई लोखंडाची भट्टी चालवते आणि त्यासाठी जंगल तोडते. जंगलात लांडग्यांची देवी आहे, रानडुकरांचे देव आहेत आणि झाडांत राहणारे कोदामा आहेत: पांढरे, चिमुकले, मान खुळखुळ्यासारखी वाजवणारे. पण हीच एबोशी कुंटणखान्यांतून सोडवलेल्या बायकांना काम देते, कुष्ठरोग्यांच्या जखमा स्वतः धुते. मी पूर्वी शाळेत शिकवायचे. गोष्ट संपली की तात्पर्य लिहून घ्यायचं, ही सवय. या गोष्टीचं तात्पर्य मला फळ्यावर लिहिता आलं नसतं. “आई, मग यात वाईट कोण?” हा लेकीचा प्रश्न कित्येक दिवस तसाच पडून होता.

मियानौरा बंदराहून बस शिराताणी उन्सुइक्यो या घळीपर्यंत जाते. पाऊस होताच. इथल्या डोंगरांत वर्षाला ८,००० मिलिमीटरच्या वर पडतो. आंबोलीच्या पावसात चालल्यासारखं वाटत होतं, फक्त थंडी जास्त. दगड, मुळं, खोडं, सगळ्यांवर हिरवं शेवाळ. लेक प्रत्येक फांदीवर कोदामा शोधत होती. मला मात्र वेगळंच दिसायला लागलं. त्या शेवाळाखाली जागोजागी कापलेले बुंधे होते, काही माझ्या डोक्याच्याही वर कापलेले. ज्याला आम्ही अस्पर्श रान समजत होतो, ते एकेकाळी तोडलेलं जंगल होतं. त्याच बुंध्यांवर नवी झाडं उभी होती.

इथली झाडं म्हणजे सुगी, जपानी देवदार. आपल्या सुगीशी त्याचा संबंध नाही. बेटावर भात फारसा पिकत नसे, म्हणून एदो काळात लोक सात्सुमाच्या सरदारांना तांदळाऐवजी छपरांसाठीच्या देवदाराच्या फळ्या कर म्हणून देत. त्याआधी लोक ही झाडं देवाची म्हणून तोडायला घाबरत. मग तोमारी जोचिकु या इथल्याच विद्वानाने डोंगरावर जाऊन देवाला विचारलं, अशी कथा आहे. देव म्हणाला, झाडाला रात्रभर कुऱ्हाड टेकवून ठेवा. सकाळी ती पडलेली नसेल तर खुशाल तोडा. पडली असेल तर ते झाड माझं.

ही कथा वाचून लेक म्हणाली, “आजीसारखंच!”

गेल्या डिसेंबरात गावी घराचं काम काढलं, तेव्हा परसातला जुना फणस तोडावा लागला. सासूबाईंनी आदल्या दिवशी झाडापाशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. तोडायला मीही हो म्हटलं होतं, खोलीची गरज होतीच. तेव्हा लेकीने विचारलं होतं, “आजीने सॉरी म्हटलं, पण तोडलंच ना?” मी तिला गप्प केलं होतं.

चित्रपटाच्या सुरुवातीला शाप घेऊन आलेला रानडुकराचा देव मरायला टेकतो. गावची म्हातारी त्याच्यापुढे वाकून क्षमा मागते, आणि तो तरीही माणसांना शिव्याशाप देत मरतो. क्षमा मागितली की हिशेब मिटला, असं मियाझाकी म्हणत नाहीत. याकुशिमातही कुऱ्हाडी टेकवून अनेक झाडं पडली. जोमोन सुगी हा प्रचंड वृक्ष वाचला, कारण तो वेडावाकडा, फळ्या काढायला निरुपयोगी.

मग नारळ, कुऱ्हाड सगळं ढोंग का? परतीच्या बोटीत मी लेकीला माझं उत्तर दिलं. वाईट एबोशीही नाही आणि आजीही नाही. तोडणाऱ्याला एक रात्र थांबून झाडाकडे पाहायला लावतं, एवढंच त्या रिवाजाचं मोल. पण थांबल्यावर कधीतरी “नको” असंही उत्तर यायला हवं. आम्ही त्या रात्री फणसाबद्दल दुसरा विचार केलाच नव्हता, हे मी तिला कबूल केलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बुंधा आहे ना अजून?”

घरी आल्यावर सासूबाईंना फोन केला. अंगण सपाट करायला तो बुंधा उपटणार होते. म्हटलं, राहू दे. दीर मागून ओरडले, “वहिनी, वाळवी लागेल!”

लागली तर लागू दे. पुढच्या सुट्टीत जाऊ तेव्हा लेकीला तो बघायचाय.