पगडी कुणाची?

शिर सलामत तर पगडी पचास. ऑल्डहेल्मच्या वादळापाशी आलं की ही म्हण ओठांवर येते आणि मग काही केल्या हटत नाही.

ऑल्डहेल्म हा सातव्या शतकातला, इंग्लंडमधल्या माम्सबरीचा मठाधिपती. कॉर्नवॉल-डेव्हनच्या वाटेवर एका लाकडी चर्चमध्ये प्रार्थना चालली असताना वादळानं त्याला गाठलं. वासे थरथरले, छप्पर गेलं, मंडळी बाहेर पळाली आणि वाचली. त्यावर त्यानं दोनशे ओळींची लॅटिन कविता रचली. म्हणजे शिर सलामत. पण पगडी तर त्या चर्चची होती! ही म्हण नेहमी ज्याचं डोकं वाचलं तोच म्हणतो. पगडीवाल्याला कोण विचारतो? शिवाय पचास पगड्या येणार कुठून? कुणीतरी सूत कातलं, विणलं, रंगवलं, तेव्हा त्या होणार. कवितेत देवाचे आभार आहेत. नवे वासे कुणी चढवले, ते नाही.

हा माणूस छंदशास्त्रावर लिहिणारा, अभिजात वृत्तांत मुरलेला. इथे मात्र लघु-गुरूचा हिशेब सोडून त्यानं आठ-आठ अक्षरांच्या, जोडीजोडीनं यमक जुळणाऱ्या ओळी लिहिल्या. आपल्या लहान अभंगाचंच माप. योगायोग खरा, पण त्यामुळे ते वादळ मला टाळांच्या ठेक्यात ऐकू येतं आणि भीती निम्मी होते. त्यालाही तेच हवं होतं का? त्याच्या शंभर लॅटिन कोड्यांतलं दुसरं कोडं वाऱ्याचंच आहे. छप्पर नेणारा वारा आणि 'ओळखा पाहू' म्हणणारा वारा, दोघे त्याच्याकडे गुण्यागोविंदानं नांदत होते.

बाराव्या शतकात विल्यम ऑफ माम्सबरीनं एक गोष्ट लिहून ठेवली. लोक चर्चमधून प्रवचनाला न थांबता घरी पळायचे, म्हणून ऑल्डहेल्म पुलावर उभा राहून गवयासारखा त्यांच्याच बोलीत गायचा. गर्दी जमली की हळूच धर्माकडे वळायचा. आपल्या कीर्तनकारांना यात नवल वाटणार नाही. त्या गाण्यांतलं एकही आज उरलेलं नाही. लॅटिन वादळ मात्र व्हिएन्नातल्या एका हस्तलिखितात सुखरूप आहे. आता यात शिर कुठलं म्हणायचं आणि पगडी कुठली?

आणि पुलावरची ती गाणी त्या कॉर्नवॉल-डेव्हनकडच्या लोकांना कळली तरी असती का? त्यांची भाषा मूळच्या ब्रिटन लोकांची, ऑल्डहेल्मची इंग्रजी. त्यांच्या गेरेन्ट राजाला त्यानं पत्र लिहून बजावलं होतं, की तुमच्या धर्मगुरूंची ईस्टरची तिथी चुकते आणि मुंडणाची पद्धतही. म्हणजे शिरं सलामत, पण भादरलेली चुकीची! अशा पाहुण्याच्या मुक्कामातच छप्पर गेलं, तर गावानं काय म्हटलं असेल? पायगुण, दुसरं काय, असं मला उगाच वाटतं. पण तिथं यजमान नेमके कुणाच्या बाजूचे होते, यावर सगळं अवलंबून. ते त्याच्याच पंथाचे असले, तर त्यांनीही देवाचे आभारच मानले असतील.