आमची मोटार आणि तिची तहान

बोरी अरब येथील आमच्या मूळ घरी, जेथे पूर्वी गुरे बांधीत त्या गोठ्यात, एक मोटार उभी असते. ती घरात आली तेव्हा आमचा जन्मही झालेला नव्हता. सबब ती आमची की आम्ही तिचे, हा प्रश्न वडीलमंडळींनी आजपावेतो निकालात काढलेला नाही. इंग्लंडात ॲबिंग्डन या गावी एम. जी. कंपनीने १९४५ ते १९४९ या सालांत टी. सी. नावाची दोन माणसांची उघडी गाडी काढली. अशा गाड्या अवघ्या दहा हजारांच्या आसपास निघाल्या, त्यांपैकी ही एक. आमचे आजोबा यवतमाळास वकिली करीत. स्वदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या अंमलदाराकडून त्यांनी ती १९५७ साली मुंबईस घेतली. धोतर नेसून कोर्टात जाणाऱ्या गृहस्थाने शर्यतीच्या घाटाची, तारांच्या चाकांची गाडी का घ्यावी, याचे कारण आजीस अखेरपर्यंत कळले नाही.

त्याच वर्षी वैशाखात थोरल्या काकांची मुंज झाली आणि बटूची भिक्षावळ या मोटारीतून निघाली. मारुतीच्या पारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गाडीच्या नाकातून वाफेचा लोट निघाला आणि बटूस उरलेला रस्ता भटजींच्या खांद्यावर बसून काढावा लागला. ही हकीकत आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली असेच आम्हांस वाटते.

तेच काका आता चौऱ्याहत्तरीचे झाले होते. २०२३ च्या वैशाखात त्यांच्या नातवाची मुंज ठरली, तेव्हा त्यांनी एकच इच्छा सांगितली. "भिक्षावळ आपल्या मोटारीतूनच निघेल, आणि या खेपेस बटू पारापर्यंत गाडीतच बसलेला असेल." घरात त्या सुमारास वाटणीची बोलणी चालली होती. शेत, वाडा, भांडीकुंडी यांचे कसेबसे जमत आले होते. मोटारीवर मात्र कोणी बोट ठेवीत नव्हते. विकावी असे धाकट्या काकांचे म्हणणे. चैत्रापासून मृगापर्यंत जी गाडी दोन कोसही जात नाही ती ठेवून काय करावयाचे, या त्यांच्या सवालास उत्तर नव्हते. म्हणून मुंजीपूर्वी ती थंड ठेवण्याचे काम आम्ही अंगावर घेतले.

मोटारीचे इंजिन थंड का राखावे लागते, हे ठाऊक नसलेल्या वाचकांस थोडक्यात सांगतो. पेट्रोलातील उष्णतेचा फार तर चौथा-तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो. बाकीची काही धुराबरोबर जाते आणि उरलेली इंजिनाच्या भिंतींत शिरते. ती पाण्याने वाहून न्यावी लागते. ज्यांच्या मळ्यावर पूर्वी ऑईल इंजिन असे त्यांस त्याच्या शेजारचा पाण्याचा पिंप आठवेल. तापलेले पाणी हलके होऊन आपणहून वर चढते, गार पाणी खालून आत येते, कोणी ढकलावे लागत नाही. मोटारीत पिंपास जागा नाही, म्हणून पुढे पातळ नळ्यांची जाळी बसवितात, पाणी पंपाने फिरवितात आणि जाळीतून वारा ओढण्यास मागे पंखा लावतात. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीज गाडीस जी मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसविली, तीत ८,०७० बारीक नळ्या होत्या. त्यापूर्वीच्या गाड्या पाणी उकळवीत उकळवीतच चालत. आमची गाडी त्या जुन्या परंपरेस अनुसरून वागत होती.

तापण्याचेही दोन प्रकार आहेत, आणि ते ओळखल्यावाचून पैसा खर्चू नये. गाडी उभी असता किंवा बाजारातून हळू जाताना तापत असेल तर वारा कमी पडतो. मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाताना तापत असेल तर पाणी फिरत नाही अथवा जाळी अपुरी आहे. आमची दोन्ही वेळा तापे. शिवाय ही गाडी इंग्लंडातील उन्हाळा मनात धरून घडविलेली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. तिच्या पाण्याच्या टाकीस दाबाचे झाकणही नाही. हल्लीच्या गाड्यांत झाकण दाब धरून ठेवते, आणि दर पौंड दाबामागे पाणी दीडेक अंश उशिरा उकळते. भाच्याने तसे झाकण बसविण्याची सूचना केली. परंतु जुन्या पितळी टाकीची शिवण कथलाच्या डागाची, ती दाबाने उकलली तर उकळते पाणी माणसाच्या अंगावर येईल, म्हणून आम्ही त्या फंदात पडलो नाही.

आमचा विचार ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर आणण्याचा होता. तो हलका असतो. उष्णता वाहून नेण्यात तांबे वस्तुतः सरस. पण ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद करता येतात आणि डाग द्यावा लागत नाही. काकांनी हे ऐकले मात्र, आणि ते जेवणाच्या पाटावरून उठले. "ही जाळी ॲबिंग्डनहून आलेली आहे. दादांनी तीस वर्षे तिला हात लावू दिला नाही. ती काढायची तर गाडीच विका, म्हणजे धाकट्याचेही समाधान होईल." घरात दोन दिवस कोणी मोटारीचे नाव काढले नाही. काकूंनी मध्यस्थी केली तेव्हा एवढे ठरले की, जाळी बदलावयाची नाही, केवळ साफ करावयाची.

नागपुरास एका गल्लीत रेडिएटरचेच काम करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. काका स्वतः बरोबर आले, जाळीचे गाठोडे मांडीवर घेऊन. कारागिरांनी दिव्याने डाग वितळवून वरची टाकी उचलली आणि आत डोकावून म्हणाले, "साहेब, यात पाणी फिरत नव्हते, चुना फिरत होता." निम्म्याहून अधिक नळ्या पांढऱ्या खारीने बुजून गेल्या होत्या. आमच्याकडील विहिरींचे पाणी जड. आम्ही वर्षानुवर्षे मोठ्या प्रेमाने तेच ओतीत आलो होतो. पाणी उडून जाई, क्षार राही, आणि पुन्हा तहान भागविण्यास आम्ही बादली घेऊन हजर.

इतक्यात कारागिरांनी टाकी उलटी केली. आतल्या बाजूस, डागाच्या कडेला, खिळ्याने कोरलेली अक्षरे होती. कोणा मिस्त्रीचे नाव, आणि खाली १९६३. नळ्यांची ठेवण पाहून कारागीर हसले. ही जाळी विलायतेची नव्हेच. कोणत्या तरी लॉरीच्या जाळीचा तुकडा कापून बेताने बसविलेला होता. म्हणजे आजोबांनी, ज्यांनी हात लावू दिला नाही म्हणून आम्ही दोन दिवस अबोला सोसला त्या आजोबांनीच, मुंजीच्या फजितीनंतर सहा वर्षांनी मुकाट्याने जाळी बदलून घेतली होती, आणि घरात अवाक्षर काढले नव्हते.

काका बराच वेळ ती अक्षरे बोटाने चाचपीत राहिले. काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसून त्यांनी विचारले, "नवी जाळी तांब्याची होईल ना?" होईल, म्हणाले कारागीर, चार ओळींची, आणि टाक्या जुन्याच राहतील. टाकी पुन्हा बसविण्यापूर्वी काकांनी खिळा मागून घेतला आणि १९६३ च्या खाली २०२३ कोरले.

पुढची कामे येथे विस्ताराने सांगण्याजोगी नाहीत. इंजिनाच्या पाठीमागच्या कोपऱ्यातून तांबड्या गाळाची घमेली निघाली, जुना थर्मोस्टॅट काढला, डॅशबोर्डाखाली पाण्याचा ताप दाखविणारा काटा लावला, आणि विहिरीच्या पाण्याऐवजी बॅटरीचे शुद्ध पाणी व कूलंट भरले. या कामात आम्ही दक्ष होतो. चूक आम्ही दुसरीकडे केली. पट्ट्यावर फिरणारा जुना पंखा काढून विजेचा बसविला, तोही आमच्याच हातांनी, आणि तारा जोडताना हल्लीच्या सर्व गाड्यांप्रमाणे काळी तार सांगाड्यास जोडली.

मुंजीस आठ दिवस राहिले असता काकांस घेऊन आम्ही यवतमाळच्या रस्त्यास लागलो. अडाण नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत यावयाचे, एवढाच बेत. पंखा सुरू होताच काटा उतरण्याऐवजी चढू लागला. पुलाजवळ तो शंभरापाशी आला आणि १९५७ सालचा तोच परिचित वास सुटला. गाडी बाभळीखाली लावली. आमचे तोंड सुकून गेले होते. हजारो रुपये खर्चून आम्ही आजोबांच्या लॉरीच्या तुकड्याहून वाईट अवस्था करून ठेवली होती, आणि शेजारी बसलेला म्हातारा माणूस उपरण्याने वारा घेत होता.

काका खाली उतरले. पंखा अद्याप फिरत होता. त्यांनी तेच उपरणे जाळीपुढच्या उभ्या पट्ट्यांसमोर धरले. ते आत ओढले जाण्याऐवजी बाहेर फडफडले. "अरे, हा ओढीत नाही, फुंकतो आहे! तुझा पंखा पुढे जाणाऱ्या गाडीच्या वाऱ्याशी भांडतो आहे." मग थोडे थांबून म्हणाले, "बॅटरीचे काम करताना दादा आम्हांस दर वेळी बजावीत, की या गाडीचे धन टोक सांगाड्यास असते, ऋण नव्हे."

वस्तुतः ही गोष्ट आम्ही पुस्तकात वाचलेली होती. त्या काळच्या कित्येक इंग्रजी गाड्यांत धन टोकच सांगाड्यास जोडीत, आणि या जातीच्या विजेच्या मोटारीस उलटी वीज दिली की ती उलटी फिरते. वाचलेले होते, आणि हात मात्र सवयीने चालले होते. पाणी निवेपर्यंत अर्धा तास थांबलो, झाकणास हात लावला नाही, मग दोन तारांची अदलाबदल केली. उपरणे पट्ट्यांस घट्ट चिकटून बसले. ते सोडवून काकांनी पुन्हा खांद्यावर टाकले आणि गाडीत बसताना आम्हांस म्हणाले, "घरी हे सांगू नकोस. दादांनीही सांगितले नव्हते."

परतीच्या वाटेवर काटा ८५ च्या पुढे गेला नाही. मुंजीच्या दिवशी ऊन रणरणत होते, मिरवणूक पावलापावलाने चालली होती, बायका ओवाळण्यास थांबत होत्या, तेव्हा तो ९० पर्यंत चढे आणि पंख्याने पुन्हा उतरे. बटू पारापर्यंत गाडीत बसून आला. धाकटे काका मागून चालत होते; त्यांची नजर बटूपेक्षा गाडीच्या नाकाकडे अधिक होती, हे आम्ही पाहिले.

वाटणीचा कागद अद्याप झालेला नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात शुद्ध पाण्याचे पाच लिटरचे दोन डबे ठेवलेले असतात, त्यांवर काकांनी स्वहस्ते 'मोटारीचे, पिऊ नये' अशी चिठ्ठी चिकटविली आहे, आणि दर रविवारी सकाळी टाकीचे झाकण उघडून पातळी पाहण्याचे काम सांप्रत धाकटे काका करतात.