पाणी जायच्या आत

चाळीत पाणी यायचं पहाटे आणि जायचं कुणाला न सांगता. मधल्या वेळात पिंप भरायचं, हंडे-कळश्या भरायच्या, मोरी घासायची, रात्री भिजत घातलेले कपडे खळबळून काढायचे आणि धार टिकलीच तर दारापुढच्या गॅलरीवर दोन बादल्या ओतायच्या. मजल्यावरच्या सगळ्या बायका एकाच वेळी याच घाईत. मग कुणीतरी हाक द्यायचं, "आवरा गं, धार बारीक झाली!" ही हाक ऐकून हात ज्या वेगाने चालायचे, तो वेग पुढे कुठल्याही यंत्राने मला दिला नाही. पुरुषांना गिरणीचा भोंगा आणि बायकांना नळ. जी बाई स्वतः गिरणीत जायची तिला दोन्ही. प्रभादेवी, परळ, लालबाग या पट्ट्यातला दिवस या दोघांनीच आखलेला असे. भिंतीवरचं घड्याळ होतं ते किल्ली देण्यापुरतं.

त्या पिढीच्या टापटिपीचं फार कौतुक होतं. आमच्या सासूबाईंच्या खोलीत म्हणे चमचासुद्धा जागचा हलत नसे. खरं असेल. पण दहा बाय बाराच्या खोलीत चमचा हलून जाणार कुठे? दार दिवसभर उघडं, येणारा-जाणारा आत डोकावणार, आणि कामाला वेळ पाण्याएवढाच. थोडा स्वभावाचा भाग असेलही, पण बाकीचं श्रेय उघड्या दाराला आणि महापालिकेच्या पाणीखात्याला द्यायला हवं.

त्याच्याही आधी, कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार एकेका गाळ्यात दाटीवाटीने राहत, पाळीप्रमाणे झोपत. माणशी एक पत्र्याची ट्रंक आणि भिंतीवरची एक खुंटी, एवढाच संसार. माणसालाच पाठ टेकायला जागा नव्हती, तिथे अडगळ कुठे राहणार? मग बिऱ्हाडं आली, मुलं झाली आणि खोली वर चढू लागली. पोटमाळा, माळ्यावर बोचकी, कपाटावर बॅगा, कॉटखाली डबे.

आता चाळी जाताहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांत. आमची चाळ त्याच्या बरीच आधी पडली, आणि तिच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या मागे जुन्या भाडेकरूंसाठी जी इमारत बांधली, तिच्यात आम्ही राहायला आलो. जागा वाढली की पसारा कमी होईल, असा सगळ्यांचाच हिशेब होता. झालं उलटंच. माळा गेला, पण त्याच्या जागी दिवाण आला आणि दिवाणाच्या पोटात अख्खा माळा मावला, वर गादी घातली की झालं. नळाला चोवीस तास पाणी, त्यामुळे कुठलंच काम आत्ताच करायला हवं असं उरलं नाही. दार बंद, त्यामुळे बघणारं कुणी नाही.

आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. चाळीत सामान आत यायला जेवढ्या वाटा होत्या तेवढ्याच बाहेर जायलाही होत्या. रद्दीवाला, भंगारवाला गॅलरीपर्यंत यायचे. बोहारीण तर बैठकच मारायची. दोन साड्या आणि एका पँटवर स्टीलचा डबा द्यायला ती सहजी तयार नसे. साडी उजेडात धरून विरलेली जागा दाखवायची आणि वर आणखी एक शर्ट मागायची. त्या घासाघिशीत साडीचा मोह सुटायचा. ज्या साडीला घरात कुणी जुनी म्हणायला धजत नव्हतं, तिला ती दोन शब्दांत जुनी करून टाकायची. आता तिला गेटवरच अडवतात. कुणीतरी फोनवर परवानगी दिल्याशिवाय रद्दीवालासुद्धा लिफ्टपर्यंत पोचत नाही. कुरियरवाल्याची ये-जा मात्र दिवसभर. हिंदमाताच्या चौकात पावसाळ्यात होतं तेच मग घराचं होतं, येणारं पाणी जास्त आणि निचरा कमी.

वर्षातून दोनदा सगळं घर उपसतोच की, असं कुणी म्हणेल. नवरात्रात घट बसायच्या आधी आणि दिवाळीच्या आधी. प्रभादेवीकरांना तिसरी वेळही असते, पौष पौर्णिमेला देवीची जत्रा भरते आणि पाहुणे येतात. पण सणाची साफसफाई ही भिंतींची, पंख्यांची आणि पितळेची. जळमटं निघतात, डबे घासून पालथे होतात, आणि अडगळ? ती खाली उतरते, फडक्याने पुसली जाते आणि होती तिथेच परत जाते. दर दिवाळीला आपण अडगळीला अभ्यंगस्नान घालतो, एवढंच. कारण त्या दिवशी हाताला काम असतं, डोक्याला नसतं. एखादी वस्तू ठेवायची की द्यायची हे ठरवायला जे डोकं लागतं, ते संध्याकाळी चारच्या सुमाराला, पसाऱ्याच्या मधोमध बसून वडापाव खाताना, कुणाचंच शिल्लक नसतं.

आमच्या मजल्यावर समोरच राहणाऱ्या वहिनी चाळीतही आमच्या शेजारीच होत्या. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, जिभेने तिखट. एका रात्री जेवणं आटोपल्यावर त्यांचा फोन आला, "तुझ्याकडे गजर आहे ना मोबाइलात? पंधरा मिनिटांचा लाव. मी पण लावते. मी कपबशांचं कपाट घेते, तू तुझा तो खण घे." तो खण म्हणजे ओट्याखालचा तिसरा, ज्यात दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, रबरबँड, विझलेल्या मेणबत्त्या आणि कुणाच्या तरी लग्नातले नॅपकिन एकत्र नांदत होते. दोघींचे फोन स्पीकरवर. बोलणं जवळजवळ नाहीच. पलीकडून कपबशा खणखणल्याचा आवाज यायचा, तो ऐकून माझाही हात चालायचा. तेव्हापासून हे चालू आहे, कधी आठवड्यातून बऱ्याचदा, कधी पंधरा-पंधरा दिवस काही नाही.

पंधरा मिनिटांचा हा प्रकार आमचा शोध नव्हे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या मार्ला सिली यांनी 'फ्लायलेडी' या नावाने असंख्य बायकांना हेच शिकवलं: आधी स्वयंपाकघरातलं सिंक लख्ख करा, मग टायमर लावून पंधरा मिनिटं एका कोपऱ्यात काम करा, आणि तो वाजला की थांबा. यातलं थांबणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सुरुवात करायला आपण घाबरतो ती कामाला नव्हे, ते संपणार नाही याला. वहिनींना थांबायचा गजर वाजलेला पुरत नाही, त्या शिवाय ओरडतातही, "पाणी गेलं!" की हातातला चमचासुद्धा जिथल्या तिथे ठेवायचा.

आमच्याकडे शाबासकी द्यायची पद्धत जरा वेगळी आहे. कौतुक सरळ केलं तर दृष्ट लागेल अशी भीती असावी, किंवा समोरचा शेफारेल अशी. त्यामुळे तीन खण रिकामे केल्याचा फोटो पाठवला तर वहिनींचं उत्तर येतं, "बरं, चौथ्याला का नटवून ठेवलंयस?" याला प्रोत्साहन म्हणतात हे पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. नवीन सूनबाईंना मात्र समजावून सांगावं लागलं. त्या बिचाऱ्या मनापासून "सुपर, काकू!" म्हणतात आणि वहिनी दुसऱ्या दिवशी विचारतात, तिला काही हवंय का.

मात्र एक गोष्ट वहिनी कधी म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. "टाकून दे." समोरची विचारेल तेव्हाच मत द्यायचं, आणि तेही वस्तू पाहून. हा नियम आम्ही बसून ठरवला नाही, तो त्यांच्या सासऱ्यांच्या ट्रंकेमुळे आपोआप पडला.

सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप मिटल्याचं रीतसर कुणी कधी जाहीर केलंच नाही, गिरण्या एकेक करून मिटत गेल्या. त्या दिवसांत घरातली कुठलीही वस्तू फेकायची नाही, हे वहिनींच्या सासूबाईंनी पदराला गाठ मारून ठेवलं. हॉर्लिक्सच्या बाटल्या, सुतळीचे तुकडे, विटक्या चादरी. लागेल कधीतरी. आज त्या बाटल्यांना हसणाऱ्या नातवंडांना पगार बंद झालेलं घर ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसणं ही चांगलीच गोष्ट आहे. बाटल्या गेल्या. पण ट्रंक?

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरं निघाली तेव्हा पुरावे मागितले गेले: १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर तुम्ही हजेरीपटावर होतात का? तिकीट नंबर दाखवा, ईएसआयचं कार्ड दाखवा, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, पगाराची चिठ्ठी, सर्व्हिस सर्टिफिकेट. म्हाडाच्या २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं होती, मार्च २०२० च्या सोडतीत ३,८९४. अर्ज लाखाच्या वर. गावाकडच्या घराच्या माळ्यावर, देव्हाऱ्यामागे, गादीखाली, जिथे कुठे तो पिवळा पडलेला चिठोरा सापडला, तिथे तो कुटुंबाचा मुंबईवरचा हक्क झाला. मारी कोंडो या जपानी बाईंचं पुस्तक माझ्या सुनेकडे आहे. कागदांच्या बाबतीत त्यांचा मूळ सल्ला असा की सगळेच टाकावेत, मोजकेच तेवढे ठेवावेत. तोक्योत हे चालत असेल. गिरणगावात हा सल्ला देणाऱ्या बाईला चहा पाजून परत पाठवलं असतं.

म्हणून मला ते 'पसारा म्हणजे आळस' वगैरे पटत नाही. आमच्या भागातला पुष्कळसा पसारा म्हणजे पुढे ढकललेले निर्णय, आणि ते ढकलले गेले कारण उद्यावर भरवसा नव्हता. असा निर्णय एकटीने, रात्री, दमलेल्या अंगाने घेताना बाई थकून जाते. लॉस एंजेलिसमधल्या नोकरदार जोडप्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या घराविषयी बोलताना ज्या बायकांच्या तोंडी पसारा आणि अर्धवट राहिलेली कामं जास्त आली, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल दिवस ढळताना उतरावं तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही. आमच्या घरी याला प्रयोगशाळा लागत नाही. मी केर काढत आले की आमचे हे पेपरावरची नजर न काढता पाय वर उचलतात, आणि हे घरकामातलं त्यांचं योगदान ते प्रामाणिकपणे मोजतात.

ट्रंक मात्र पंधरा मिनिटांत उघडायची नाही, हे आम्ही दोघींनी न बोलताच मान्य केलं. गजर चार्जरला, प्लास्टिकच्या डब्यांना, जुन्या पेनांना ठीक आहे. गेलेल्या माणसाच्या हातचं काही असेल तर गजर वाजणं बरं दिसत नाही. ट्रंकेसाठी मी वहिनींकडे दुपारी गेले, फोन घरीच ठेवून. युनियनच्या पावत्या निघाल्या, गावाला पाठवलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या निघाल्या, एल्फिन्स्टन रोडचा पास निघाला. त्या स्टेशनला २०१८ मध्ये प्रभादेवी नाव मिळालं आणि शेजारचा पूल २०२५ च्या सप्टेंबरात पाडण्यासाठी बंद झाला. पासावर मात्र जुनंच नाव. म्हाडाच्या कामाचे कागद आम्ही एका फायलीत लावले, त्यांच्या झेरॉक्स काढायला दिल्या. पावत्यांवर वहिनींनी बराच वेळ हात ठेवला, मग त्यांतल्या दोन ठेवल्या आणि बाकीच्या स्वतःच्या हाताने रद्दीत टाकल्या. पासाचं काय करायचं ते त्यांना ठरवता येईना. "राहू द्या," मी म्हटलं. त्यांनी विचारलं होतं म्हणून.

सध्या आमचं अडलंय ते माझ्या वायरींच्या डब्यावर. श्रीखंडाचा मोठा डबा, आत कुठल्या कुठल्या फोनच्या, रेडिओच्या, बंद पडलेल्या मिक्सरच्या वायरी एकमेकींत गुंतलेल्या. वहिनींचं म्हणणं, ज्या यंत्राची वायर आहे ते यंत्रच घरात नाही. मी म्हटलं, पण वायर चांगली आहे ना.

"बरं मग, उद्या मी माझ्या झाकणांचा डबा काढते," त्या म्हणाल्या. "नवाला. आणि ह्यांना सांग, पाय खालीच ठेवा, वायरी सोडवायला या."

"ते यायचे नाहीत."

"नको येऊ दे. पण सांग तर."