मोती गुरगुरतो तेव्हा

पिल्लू घरी येते तेव्हा ते सगळ्यांचेच लाडके असते. तेच आठ-नऊ महिन्यांचे होऊन ताटलीवर गुरगुरू लागले की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘दोन रट्टे द्या.’ दुसरा म्हणतो, ‘कुठेतरी सोडून या.’

१९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि भिलाईत देशभरातून माणसे येऊ लागली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. सेक्टरमधल्या क्वार्टरात राहणाऱ्या अशाच एका घराने रस्त्यावरचे पिल्लू पाळले. मोती नऊ महिन्यांचा असताना सहा वर्षांच्या नातीने त्याच्या ताटलीत हात घातला आणि तो दात दाखवून गुरगुरला. आजोबांनी छडी उचलली. चार दिवसांत गुरगुर थांबली. मोती सुधारला, असे सर्वांना वाटले. पण आजींनी पाहिले, की नात जवळ आली की तो खाता खाता थबकतो, अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो. आवाज गेला होता. भीती तशीच होती.

खरा धोका इथेच असतो. गुरगुरणे म्हणजे कुत्र्याने दिलेली सूचना: ‘मला त्रास होतोय, दूर व्हा.’ मार खाऊन ही सूचना देणे त्याने सोडले, तर पुढच्या वेळी तो न सांगताच चावू शकतो.

शिवाय हे वयच अडनिडे. २०२० साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातल्या ल्युसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. पाच महिन्यांच्या पिल्लांपेक्षा आठ महिन्यांची कुत्री सांभाळणाऱ्या माणसाचे कमी ऐकतात, परक्याचे मात्र ऐकतात, असे त्यात आढळले. घरातल्या वयात आलेल्या मुलांची आठवण व्हावी, असेच हे!

आजींच्या आग्रहाने मोतीला पशुवैद्याकडे नेले. कान, दात, पोट दुखत असले तरी कुत्रे गुरगुरते, म्हणून आधी तपासणी हवीच. भिलाईकरांना दुर्गजवळच्या अंजोरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. मोतीला दुखणे नव्हते. मग घराने नियम केले. त्याची ताटली मागच्या अंगणात, एका कोपऱ्यात. तो खाताना नातीने तिकडे जायचे नाही. मोठ्यांनी लांबूनच जाता जाता त्याच्याकडे उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकायचा आणि थांबायचे नाही. तो ताठरला, तर अंतर वाढवायचे. तोंडातली वस्तू ओढून न घेता बदल्यात दुसरे काही द्यायचे. रात्रपाळीहून आलेल्या बाबांनी झोपलेल्या मोतीला हलवण्याऐवजी हाक मारायची.

आजोबांना हे लाड वाटले. पण दोन महिन्यांनी त्यांची पावले ऐकताच मोती शेपूट हलवून वर पाहू लागला, तेव्हा छडी माळ्यावर गेली.

लहान मूल आणि कुत्रे मात्र कधीही एकटे सोडू नये. दात लागलाच, तर साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाळीव कुत्र्याच्या बाबतीतही रेबीजचा प्रश्न थट्टेचा नाही. गुरगुर वाढत असेल, चावण्यापर्यंत गेली असेल, तर घरगुती उपाय पुरे करून जाणकाराची मदत घ्यावी.

नात आता मोतीच्या ताटलीपासून दूरच राहते. खेळायची वेळ झाली की तोच तिच्याकडे येतो.